वाक्यामागे कोण उभं आहे?

एप्रिल २०२५च्या अखेरीस 'रेडिट'वरच्या 'चेंज माय व्ह्यू' या चर्चागटाच्या व्यवस्थापकांनी सदस्यांसाठी एक निवेदन प्रसिद्ध केलं. तेव्हा सुमारे ३८ लाख सदस्य असलेल्या या गटाचा रिवाज साधा आहे. माणूस आपलं एखादं मत मांडतो, ते बदलून दाखवा म्हणतो आणि कुणाच्या म्हणण्यानं मत खरोखर हललं, तर त्याला 'डेल्टा' हे चिन्ह देऊन तशी कबुली देतो. आपलं मत बदललं असं चारचौघांत सांगणं जिथे मानाचं समजतात, अशा जागा फार नाहीत. निवेदनात म्हटलं होतं की, झुरिक विद्यापीठातले संशोधक काही महिने या गटात यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या प्रतिक्रिया माणसांच्या म्हणून टाकत होते. अशा १,७००हून अधिक प्रतिक्रिया होत्या. सदस्यांची संमती कुणी घेतली नव्हती.

त्या प्रतिक्रियांमधला 'मी' दर वेळी वेगळा होता. कधी तो लहान वयात लैंगिक अत्याचार सोसलेला पुरुष होता, कधी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीला विरोध असलेला कृष्णवर्णीय, तर कधी अत्याचारग्रस्तांसोबत काम करणारा समुपदेशक. काही वेळा दुसऱ्या एका यंत्रानं समोरच्या सदस्याचं जुनं लेखन चाळून त्याचं वय, लिंग, वंश, ठिकाण आणि राजकीय कल यांचा अंदाज बांधला होता आणि त्याला रुचेल असा मजकूर बेतला होता. संशोधकांच्या प्राथमिक मसुद्यात दोन नोंदी होत्या. या प्रतिक्रिया माणसांच्या प्रतिक्रियांपेक्षा तीन ते सहा पट अधिक परिणामकारक ठरल्या. आणि त्या यंत्रानं लिहिल्या असाव्यात, अशी शंका त्या काळात गटातल्या कुणीही बोलून दाखवली नाही.

सगळं उघड झाल्यावर सदस्य संतापले. विद्यापीठानं प्रमुख संशोधकाला ताकीद दिली, संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. या संतापाच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे आणि तो घाईनं निकालात काढता येत नाही. ज्यांचं मत बदललं, त्यांच्याकडून नेमकं काय हिरावलं गेलं? म्हणणं पटण्याजोगं असेल, तर ते माणसानं मांडलं की यंत्रानं, यानं काय बिघडतं?

यंत्र आजचं आहे, पण या प्रश्नाचा गाभा भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घालून तपासला आहे. ज्ञान खरं आहे हे कशाच्या आधारे मानायचं, याचा विचार करताना न्यायदर्शनानं चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातल्या अनुमानाला सांगणाऱ्याची गरज नसते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी असल्याचं कळतं. हे कुणी दाखवून दिलं याला महत्त्व नाही, कारण धूर आणि अग्नी यांचं नातं ज्याचं त्याला तपासता येतं. शब्दाचं तसं नाही. वरच्या गावात नदीला पूर आला आहे, हे खालच्या गावातल्या माणसानं पाहिलेलं नसतं. ते ज्ञान सांगणाऱ्याच्या भरवशावर होतं. म्हणून गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणाला अट घातली, की सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा असला पाहिजे.

भाष्यकार वात्स्यायनानं हा आप्त कोण तेही उलगडून सांगितलं. ज्यानं गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. कुळाची अट नाही, पांडित्याची नाही, सुंदर भाषेची तर नाहीच. माणसाला ठाऊक असावं आणि ते खरं सांगण्याची त्याची इच्छा असावी, एवढंच पुरे.

या कसोटीवर झुरिकचा प्रयोग घासून पाहिला, तर संतापाचं कारण स्पष्ट होतं. त्या प्रतिक्रियांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. काही भाग निव्वळ युक्तिवादाचा होता. तो ज्याचा त्यानं तपासून घ्यावा. तिथे यंत्रानं लिहिल्यानं ज्ञानाचं फारसं नुकसान होत नाही. दुसरा भाग साक्षीचा होता: मी हे सोसलं आहे, मी अशा माणसांबरोबर काम केलं आहे, मी या समाजातला आहे. इथे वाचणाऱ्याला तपासायला काही नसतं. तो समोरच्याच्या वेदनेचा मान राखून स्वतःचं मत बाजूला ठेवतो. यंत्रानं काही सोसलेलं नव्हतं आणि जे जाणलं ते तसंच सांगावं हा त्याचा हेतूही नव्हता. मत वळवायचं, एवढंच काम त्याला दिलेलं होतं. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी तिथे मोडल्या. अत्याचार सोसलेल्या खऱ्या माणसाच्या शब्दाला समाजात जो मान मोठ्या कष्टानं मिळाला आहे, तो मान या प्रयोगानं परस्पर वापरून टाकला.

शब्द हे वेगळं प्रमाणच नाही, तेही अनुमानच आहे, असं मानणारी दर्शनंही होती. वैशेषिक त्यातले, बौद्ध तर्कशास्त्रीही त्यातलेच. पण धर्मकीर्तीसारखा बौद्ध आचार्यसुद्धा म्हणतो ते एवढंच, की शब्दांवरून बोलणाऱ्याचा अभिप्राय अनुमानानं कळतो. बोलणारा तिथेही हवाच. ज्यांनी शब्दाची पायरी खाली आणली, त्यांनाही वक्त्याशिवाय पुढे जाता आलं नाही.

मग वक्ता माणूस आहे की यंत्र, हे मजकुरावरून ओळखता येतं का? स्वतःवर फार विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नाही. मॉरिस जाकेश, जेफ्री हॅनकॉक आणि मॉर नामान यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा प्रयोगांमधून ४,६०० लोकांना स्व-परिचयाचे मजकूर वाचायला दिले. नोकरीसाठी, पाहुण्यांना घर भाड्यानं देण्यासाठी आणि जोडीदार शोधण्यासाठी लोक स्वतःबद्दल लिहितात, तसे ते परिचय होते. त्यातले माणसाचे कोणते आणि यंत्राचे कोणते, हे ओळखण्यात लोकांना मिळालेलं यश ५० ते ५२ टक्के होतं. डोळे मिटून उत्तरं दिली असती, तरी एवढं यश मिळालंच असतं. अधिक बोलकी गोष्ट पुढे आहे. लोक अगदीच अंदाजपंचे ठरवत नव्हते, त्यांच्याकडे आडाखे होते. 'मी' येतो, घरच्यांचा उल्लेख येतो, बोलीतली आखूड रूपं येतात, म्हणजे माणूस, असं ते मानत होते. हे आडाखेच चुकीचे होते. यंत्राला तसं लिहायला सांगितलं, की ते माणसापेक्षाही 'माणसासारखं' वाटत होतं.

यंत्रालाच यंत्र ओळखायला सांगण्याचा मार्गही फसला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन लोकांसमोर ठेवलं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के मजकूर बरोबर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचं कारण देऊन, कंपनीनं ते मागे घेतलं.

खोट्या शिक्क्यांचा हा प्रश्न टक्केवारीपुरता नाही, तो न्यायाचा आहे. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२३ साली सात ओळखसाधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशा परीक्षार्थींनी 'टोफेल'साठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरीनं निम्म्याहून अधिक निबंध यंत्रानं लिहिल्याचा निर्वाळा मिळाला. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांना मात्र ही साधनं जवळपास नेहमीच माणसाचे म्हणत होती. कारण समजायला सोपं आहे. परकी भाषा शिकलेला माणूस ओळखीचे, सुरक्षित शब्द आणि सरळ रचना वापरतो. पुढचा शब्द कोणता येणार हे ज्या मजकुरात सहज ओळखता येतं, तो यंत्राचा, असं साधन मानतं. बेताची शब्दसंपत्ती हाच गुन्हा ठरतो.

'डेल्व्ह' या इंग्रजी शब्दाचं प्रकरणही असंच. वैद्यकीय संशोधनाच्या लाखो सारांशांची तपासणी केली तेव्हा चॅटजीपीटी आल्यानंतर हा आणि असे काही शब्द एकाएकी कितीतरी वाढल्याचं आढळलं. लाखो मजकुरांच्या राशीबद्दल हा पुरावा भक्कम आहे. पण २०२४मध्ये एका नामवंत अमेरिकी गुंतवणूकदारानं, आलेल्या पत्रात हा शब्द दिसला की ते पत्र यंत्राचं, अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हा नायजेरियातल्या लेखकांनी जोरदार हरकत घेतली. त्यांच्या इंग्रजीत तो शब्द शाळेपासून नेहमीचा होता. राशीबद्दल खरं असलेलं विधान एका माणसावर लादलं, की अन्याय सुरू होतो.

मराठीत हा धोका अधिक जवळचा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, साहित्यप्रेमींच्या गटांमध्ये आता एखादा मजकूर आला, की 'हे एआयनं लिहिलंय' असा शेरा मारला जातो. खुणाही सांगितल्या जातात. 'आजच्या वेगवान युगात' अशी सुरुवात, तीन-तीन विशेषणांच्या माळा, प्रत्येक परिच्छेदाला गोळीबंद समारोप, गावाचं, माणसाचं, वस्तूचं नाव कुठेही नाही, आणि इंग्रजी वाक्याचा सांगाडा मराठी शब्दांखाली स्पष्ट दिसतो आहे. या खुणा खऱ्या आहेत. अडचण अशी, की 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' हे वाक्य दहावीच्या निबंधमालांनी पिढ्यानपिढ्या मुलांकडून घोटवून घेतलं आहे. इंग्रजी सांगाड्याची मराठी, वृत्तसंस्थांच्या भाषांतरित बातम्यांनी आणि सरकारी परिपत्रकांनी यंत्राच्या कितीतरी आधी रुजवली. ठोकळेबाज लिहिणारा माणूस हा माणूसच असतो. आयुष्यात पहिल्यांदाच चार ओळी जाहीरपणे लिहिणाऱ्या गृहिणीनं निबंधाच्या वहीतली मराठी वापरली, म्हणून तिला खोटारडी ठरवणं हा निव्वळ अपमान आहे. त्या शेऱ्यानंतर ती पुन्हा लिहीत नाही, आणि गटाचं खरं नुकसान तिथे होतं.

हा मजकूर कुणाचा, हे ठरवण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांत नकला होता होता पाठ बिघडले होते. पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असंही त्यांनी बजावलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं, पण नामदेवांच्या गाथेत 'नामा' या नावानं आलेले सगळेच अभंग ज्ञानदेवकालीन नामदेवांचे नाहीत. त्यात विष्णुदास नामा आणि इतरांच्या रचना मिसळल्या आहेत. तुकोबांच्या गाथेतल्या अभंगांची संख्या आवृत्तीगणिक बदलते. आणि पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले परिच्छेद फोनमधून किती फिरतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत शिस्तीनं झालं ते पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५पासून १९४३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. १,२५९ हस्तलिखितं जमवली गेली आणि १९६६ साली १९ खंडांत ते काम पुरं झालं. क्षेपक, म्हणजे मागाहून घुसवलेला भाग ओळखताना संपादकांना स्वतःच्या कानावर विसंबता आलं असतं. संस्कृतात मुरलेली ती माणसं होती. पण आधार मानला तो हस्तलिखितांच्या साक्षीचा. निरनिराळ्या प्रांतांच्या आणि लिप्यांच्या परंपरांमध्ये जे समान आढळलं ते मूळ संहितेत ठेवलं, बाकीचं टीपा आणि परिशिष्टांमध्ये गेलं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही प्रत्येक मराठी घराला माहीत असलेली कथाही या न्यायानं मूळ संहितेबाहेर गेली. संपादकांना ती आवडत नव्हती म्हणून असं झालं नाही. हस्तलिखितांचा कौल तिच्या बाजूनं नव्हता.

त्या कथेत एक अट आहे आणि ती इथे महत्त्वाची ठरते. लेखणी थांबणार नाही अशा वेगानं सांगा, असं गणपती म्हणतो. त्यावर व्यास म्हणतात, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहू नकोस. कथा मागाहून आलेली असेल, पण जुन्या लोकांच्या मनातली लेखनाची किमान मर्यादा तिच्यातून कळते: निव्वळ लेखनिकानंही समजून लिहायला हवं.

भांडारकर मंदिरातल्या पंडितांनी जी वाट धरली, तिच्याच जवळ आज विकिपीडियाचे स्वयंसेवक पोहोचले आहेत. इंग्रजी विकिपीडियावर यंत्रलिखित मजकूर साफ करण्यासाठी २०२३च्या अखेरीस एक गट उभा राहिला. त्यांनी शैलीच्या खुणांची लांबलचक यादी केली आहे, पण त्या खुणा हा केवळ इशारा आहे, पुरावा नाही, असंही त्यातच बजावलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये असे लेख तडकाफडकी वगळण्याचा नियम झाला, तेव्हा निकष ठेवले ते बाहेरून पडताळता येतील असे. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे आणि शोधनिबंधांचे संदर्भ, विषयाशी काडीचाही संबंध नसलेले दाखले, किंवा यंत्रानं वापरणाऱ्याला उद्देशून म्हटलेलं वाक्य तसंच राहून जाणं. त्याआधी २०२० साली 'आस्क रेडिट' या सुमारे तीन कोटी सदस्यांच्या गटात एक यंत्र आठवडाभर उत्तरं देत होतं, आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांनासुद्धा. ते पकडलं गेलं ते वेगामुळे. मिनिटाला एक, तेही अनेक परिच्छेदांची उत्तरं कोणताही माणूस देऊ शकत नाही. भाषा त्या वेळीही बऱ्यापैकी माणसासारखीच होती.

म्हणजे खुणा पारखण्याचा खेळ फार काळ चालणारा नाही. आज उघडी पडणारी खूण उद्याच्या यंत्रात नसेल. मग या मजकुराचा दर्जा काय मानायचा, हा प्रश्न उरतो आणि त्यासाठी पुन्हा दर्शनांकडे यावं लागतं.

मीमांसकांनी कर्ता नसलेल्या वाणीची कल्पना मांडली होती. वेद कुणी रचलेलेच नाहीत, असं ते मानत. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाचा युक्तिवाद असा: शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे, त्याच्या भ्रमामुळे किंवा फसवण्याच्या इच्छेमुळे; जिथे बोलणाराच नाही, तिथे दोषाला जागा नाही. नैयायिकांनी यावर उलट बाजूनं बोट ठेवलं. बोलणारा नसेल तर दोष नाहीत, पण मग गुणही नाहीत. सत्य सांगणारा शब्द वक्त्याच्या गुणांतून येतो, म्हणून वेदांचं प्रामाण्य मानायचं तर ईश्वर हा त्यांचा वक्ता मानायला हवा.

यंत्राच्या मजकुरावर लोकांचा जो विश्वास बसतो, त्यात मीमांसकांच्या विचाराची एक अजाण छटा आहे. त्याला पक्ष नाही, जात नाही, राग-लोभ नाही, तेव्हा ते खरंच सांगत असेल, असं पुष्कळांना मनोमन वाटतं. त्याचा संथ, समतोल सूर त्या समजाला बळ देतो. पण हा मजकूर कर्त्याविना उपजलेला नाही. माणसांनी लिहिलेल्या अब्जावधी शब्दांवर यंत्र घडवलं जातं. त्या माणसांचे गैरसमज, पूर्वग्रह आणि चुकीच्या माहितीचे साठे त्यात उतरतात. मीमांसकांच्या वेदात वक्ता नाही आणि दोषही नाही. यंत्राच्या मजकुरात असंख्य वक्त्यांचे दोष आहेत आणि जाब देणारा वक्ता मात्र एकही नाही.

नैयायिकांनी याहून नेमका विचार पोपटाच्या निमित्तानं केला. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी वक्त्याचं तात्पर्य, त्याला काय म्हणायचं आहे ते, कळावं लागतं, असं त्यांचं मत. मग पोपट बोलतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, तिथे तात्पर्य कुणाचं? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ न्यायपंचाननानं 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त याचं उत्तर दिलं आहे. पोपटाचं वाक्य वस्तुस्थितीशी जुळत असेल, तर तात्पर्य ईश्वराचं मानावं. ते जुळत नसेल, तर मात्र ते पोपटाला शिकवणाऱ्याचं मानावं.

ईश्वराचा भाग ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. दुसरा भाग आज सर्वांच्या उपयोगाचा आहे. एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहलेखिकांनी २०२१मध्ये भाषायंत्रांना संभाव्यतेवर बोलणारे पोपट म्हटलं आणि ते नाव जगभर झालं. हा पोपट खोटं बोलला तर दोष कुणाचा, याचं उत्तर बंगालच्या नैयायिकानं लिहून ठेवलेलं आहे: शिकवणाऱ्याचा. त्यात आज आणखी एकाची भर घालावी लागेल. पोपटाचं बोलणं स्वतःचं म्हणून सभेत मांडणाराही तितकाच जबाबदार आहे.

न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले सहा बनावट निवाडे दाखल केले. न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. भरवशाच्या साधनाची मदत घेणं मुळात गैर नाही, पण दाखल केलेल्या कागदाच्या अचूकतेची जबाबदारी वकिलाची आहे, अशी निकालाची भूमिका होती. सही ज्याची, शब्द त्याचा.

युक्तिवाद आणि माहितीच्या पलीकडे बोलण्याचा आणखी एक प्रांत आहे. सांत्वन, प्रार्थना, क्षमा. इथे तर सांगणाऱ्याचं असणं हाच सांगण्याचा अर्थ असतो. फेब्रुवारी २०२३मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या पीबॉडी महाविद्यालयाच्या एका कार्यालयानं विद्यार्थ्यांना एकमेकांना आधार देण्याचं आवाहन करणारं पत्र पाठवलं. तळाशी ते चॅटजीपीटीच्या मदतीनं लिहिल्याची नोंद होती. विद्यार्थी दुखावले, कार्यालयानं माफी मागितली. मजकुरातलं आवाहन गैर नव्हतं. त्याच वर्षी 'कोको' या मानसिक आधार देणाऱ्या सेवेच्या संस्थापकानं सांगितलं, की सुमारे ४,००० लोकांना यंत्राच्या साहाय्यानं लिहिलेले निरोप पाठवून पाहिले. त्या निरोपांना लोकांनी वरचे गुण दिले, पण ते यंत्रानं रचल्याचं कळल्यावर त्यांचा उपयोग संपला. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेनं 'फादर जस्टिन' नावाचा संगणकी पाद्री आणला. तो स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवू लागला आणि पापांची क्षमाही देऊ लागला. गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच संस्थेनं त्याचा पाद्र्याचा वेश उतरवला आणि 'फादर' ही उपाधीही काढून टाकली.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार आपल्या म्हणण्याला आधार म्हणून संतवचन देतो, त्याला 'प्रमाण' म्हणतात. ते उचलून गाणाऱ्या टाळकऱ्यांना ठाऊक असतं, की या शब्दांमागे दुष्काळ पाहिलेला, घरची माणसं गमावलेला, भोवतालच्या लोकांचा जाच सोसलेला एक माणूस उभा आहे. वात्स्यायनाचा आप्त याहून निराळा नाही.

माणसांच्या कोणत्याही गटाचं चलनवलन एका गृहीतावर चालतं: समोरचा खरं बोलतो आहे असं आधी धरायचं, संशयाला कारण मिळालं तर तपासायचं. मीमांसकांचं स्वतःप्रामाण्य ते हेच. ज्ञान खरं मानून चालावं, बाध आला तर सोडावं. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे खरेपणा बाहेरच्या कसोटीनं सिद्ध व्हावा लागतो. यंत्रलिखित मजकुराचा लोंढा सगळ्यांना दुसऱ्या मार्गाकडे ढकलतो आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'नं डिसेंबर २०२२मध्येच चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी घातली, कारण ती उत्तरं दिसायला बरोबर, अनेकदा प्रत्यक्षात चुकीची आणि तयार करायला अगदी सोपी होती. लिहायला काही सेकंद आणि तपासायला जाणकाराचा अर्धा तास, हे गणित कुठल्याही स्वयंसेवकाला झेपणारं नाही. पुढल्या वर्षी जूनमध्ये, असा मजकूर काढण्यावर कंपनीनं निर्बंध आणले म्हणून तिथल्या नियामकांनी संप केला. खोटे शिक्के बसण्याची कंपनीची काळजी रास्त होती, आणि चुकीच्या उत्तरांनी ज्ञानाचा साठा नासेल ही नियामकांची भीतीही खरी होती.

दोन्ही बाजू खऱ्या असतील, तर शैलीवरून माणूस पकडण्याचा हट्ट सोडून जबाबदारीची अट घट्ट धरणं हाच मार्ग उरतो. यंत्राची मदत घेण्यात पाप नाही. भाषा सुधारून घेणारा, भाषांतर करून घेणारा, हात चालत नाही म्हणून सांगून लिहवून घेणारा माणूस आप्त राहू शकतो, कारण जाणलेलं त्याचं असतं आणि सांगण्याची इच्छाही त्याचीच असते. मदत घेतली हे त्यानं मोकळेपणानं सांगावं. 'मी पाहिलं', 'मी सोसलं', 'माझ्या आईच्या बाबतीत असं झालं' ही वाक्यं मात्र ज्याची आहेत त्यानंच लिहावीत. ती यंत्राकडून रचून घेणं ही खोटी साक्ष आहे आणि गटानं तिला खोट्या साक्षीसारखंच वागवावं. आरोप करणाऱ्यानंही पुरावा द्यावा: नसलेला संदर्भ, अशक्य वेग, न जुळणारी माहिती. 'वाक्यं फारच गुळगुळीत आहेत' हा पुरावा नाही.

मराठी गट चालवणाऱ्यांना आणि त्यात लिहिणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. एखाद्या मजकुराबद्दल शंका आली, तर शेरा मारण्याआधी लिहिणाऱ्याला दोन गोष्टी सरळ विचाराव्यात. हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे का? आणि यात काही चुकीचं निघालं, तर तुम्ही त्याचं उत्तर द्याल का? दोन्हींना 'हो' म्हणणारा माणूस समोर असेल, तर त्याची ठोकळेबाज सुरुवात, इंग्रजी वळणाची वाक्यं आणि लांबलेला समारोप खुशाल चालवून घ्यावा. तसं 'हो' कुणीच म्हणत नसेल, तर मजकूर कितीही सुबक असो, तो प्रमाण मानू नये आणि पुढे पाठवूही नये.